वेताळाची अट

"मावशी, त्याला माहीत आहे ना? मग तो सांगून का टाकत नाही?"

भाचीनं हे विचारलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. पुस्तक तिनं पालथं करून उशीवर ठेवलं होतं. ती १२ वर्षांची आहे आणि तिच्या हातात होती जॉन ग्रिशॅम यांच्या थिओडोर बून मालिकेतली पहिली कादंबरी, २०१० सालची. नायक १३ वर्षांचा. आई-वडील दोघंही वकील. शाळा सुटली की हा मुलगा कोर्टात रमतो. गावात खुनाचा खटला उभा राहिलाय, आरोपीनंच बायकोला मारलं असं वाटतंय, पण पुरावा तोकडा आहे आणि तो सुटणार अशी चिन्हं दिसतायत. नेमकं त्याच वेळी या मुलाला कळतं की एक साक्षीदार आहे. गोल्फच्या मैदानावर काम करणारा तरुण. त्यानं त्या दिवशी आरोपीला पाहिलंय. पण त्याच्याकडे अमेरिकेत राहायची कागदपत्रं नाहीत, पुढे आला तर देशाबाहेर काढतील. म्हणून तो मुलाकडून वचन घेतो, माझं नाव कुणाला सांगायचं नाही.

मी भाचीला म्हटलं, "सांगणं इतकं सोपं नसतं गं." हे उत्तर तिला पटलं नाही, आणि मलाही ते अपुरं वाटलं. मी गेली २० वर्षं वकिली करते. "माहीत आहे" आणि "सांगितलं" या दोन शब्दांमधल्या जागेतच माझा सगळा दिवस जातो. ती जागा १२ वर्षांच्या मुलीला कशी दाखवायची, हे मात्र त्या रात्री मला सुचलं नाही.

दिवा मालवल्यावर आठवला तो वेताळ. पाठीवर प्रेत घेऊन स्मशानातून चाललेला विक्रमराजा, आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी त्याला घातलेली तीच अट: उत्तर माहीत असूनही बोलला नाहीस तर तुझ्या डोक्याची शंभर शकलं होऊन तुझ्याच पायाशी लोळू लागतील. लहानपणी मला ती शकलं डोळ्यांसमोर दिसायची. अटीची दुसरी बाजू मात्र फार उशिरा लक्षात आली. राजा बोलला की मौन मोडतं आणि वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लटकतो. गप्प बसावं तर मरण, आणि बोलावं तर केलेली सगळी पायपीट वाया, पुन्हा पहिल्यापासून चालायचं. मुलांसाठी लिहिलेल्या ज्या कोर्टकथा मला मनापासून आवडतात, त्या सगळ्यांमध्ये कुणा ना कुणा पोराच्या पाठीवर हे प्रेत असतं.

मार्क ट्वेनचा टॉम सॉयर आपल्या लक्षात राहतो तो कुंपण रंगवण्यामुळे. पण १८७६ सालच्या त्या पुस्तकातून एक खुनाचा खटला सलग वाहत जातो. टॉम आणि त्याचा मित्र हक चामखीळ घालवायचा उपाय म्हणून मेलेलं मांजर घेऊन मध्यरात्री दफनभूमीत जातात आणि डॉक्टरचा खून डोळ्यांनी पाहतात. खून करणारा चाकू ठेवतो मफ पॉटर नावाच्या दारुड्याच्या हातात, जो बेशुद्ध पडलाय. शुद्धीवर आल्यावर पॉटरला स्वतःलाच वाटतं की आपणच मारलं. पोरं रक्तानं सही करून शपथ घेतात, कुणाला काही सांगायचं नाही. पॉटर तुरुंगात जातो. मग ही दोघं काय करतात? रात्री तुरुंगाच्या खिडकीशी जाऊन गजांतून त्याला तंबाखू आणि काड्या देतात. आणि पॉटर त्यांचे आभार मानतो. गाव मला विसरलं, तुम्ही विसरला नाहीत, म्हणतो. जरा एकमेकांच्या पाठीवर चढा, तुमचे हात हातात घेऊ देत. तुमचे हात गजांतून आत येतील, माझे मोठे आहेत, बाहेर येत नाहीत.

त्या हातांपाशी मी थांबले होते. सातवीच्या सुट्टीत.

त्याच वर्षी आमच्या वर्गात सहलीसाठी गोळा केलेले पैसे बाईंच्या टेबलाच्या खणातून नाहीसे झाले होते. एका मुलावर आळ आला, कारण मधल्या सुट्टीत तो वर्गात होता असं कुणीतरी म्हणालं. तो वर्गात नव्हता. अख्खी मधली सुट्टी तो नळापाशी माझ्यासमोर बसून चपलेचा तुटलेला अंगठा सुतळीनं बांधत होता. मला हे पक्कं माहीत होतं. वर्गात प्रश्न विचारला गेला तो "कोणी घेतले?" असा. "कोणी काय पाहिलं?" असं कुणी विचारलंच नाही, आणि कुणी न विचारता उभं राहून बोलायची माझी छाती झाली नाही. तो आठवडाभर वर्गाच्या दाराबाहेर उभा राहिला. पुढे चाचणीच्या दिवशी माझं खोडरबर हरवलं, तर त्यानं स्वतःचं दातांनी तोडून अर्धं मला दिलं. पेपर झाल्यावर म्हणाला, "तू एकटीच मला चोर म्हणाली नाहीस."

पॉटरचे हात वाचले आणि ते दातांच्या खुणा असलेलं खोडरबर डोळ्यांसमोर आलं. मी माळ्यावर जाऊन रडले. टॉमनं शेवटी सांगितलं. आदल्या रात्री तो चोरून पॉटरच्या वकिलाच्या घरी गेला, आणि दुसऱ्या दिवशी साक्षीला उभा राहिला. मी सांगितलं नाही. सुट्टीनंतर तो मुलगा दुसऱ्या शाळेत गेला होता.

त्या खटल्यातली एक गोष्ट मला वकील झाल्यावर कळली. पॉटरचा वकील एकामागून एक साक्षीदारांना सोडून देतो, "मला काही विचारायचं नाही" म्हणतो, आणि लोक चिडतात, की हा अशिलाचा जीव असाच घालवणार का. मग तो टॉमला बोलावतो. टॉमचा आवाज आधी फुटतच नाही. वकील विचारतो ते साधे प्रश्न: कुठे होतास, किती वाजता, किती जवळ, लपला होतास का, कुठे. मांजराचा सांगाडासुद्धा हजर करू म्हणतो. ही सरतपासणी आहे, म्हणजे आपणच बोलावलेल्या साक्षीदाराला विचारलेले प्रश्न, आणि ट्वेननं ती अगदी नीट लिहिली आहे. साक्षीदार धीट असावाच लागतो असं नाही. त्याला एकेक पायरी दाखवणारा कुणीतरी लागतो, पुढे तोच चढतो.

गुप्तहेरकथा मीही खूप वाचल्या, अजून वाचते. पण त्यांच्या शेवटच्या प्रकरणात हुशार माणूस सगळ्यांना एका खोलीत बसवतो, बोट दाखवतो, गुन्हेगार कबूल करतो आणि संपलं. त्या हुशार माणसाला कुणी विचारत नाही की तुम्ही किती फुटांवर होता, दिवा लागला होता का, चष्मा घातला होता का, आरोपीशी तुमचं आधी भांडण झालं होतं का. कोर्टात हे सगळं विचारलं जातं, आणि विचारणारा तुमचा शत्रू असतोच असं नाही. एका खटल्यात नऊ-दहा वर्षांचा मुलगा साक्षीला आला होता. न्यायाधीशांनी आधी, लहान साक्षीदाराला विचारतात तसं, खरं म्हणजे काय, खोटं म्हणजे काय हे विचारून घेतलं. मग उलटतपासणीत प्रश्न आला, "तू किती लांब होतास?" मुलाला मीटर-फूट सांगता येईना. तो खाली उतरला, आणि त्या भरल्या कोर्टात पावलं मोजत भिंतीपर्यंत चालत गेला. भिंतीला हात लावून वळला. "एवढा." मागच्या बाकावरची कुजबुज थांबली होती. मुलांसाठी साहस म्हणून जे काही लिहिलं जातं, दऱ्या, वादळं, चाचे, त्यात त्या दहा-बारा पावलांच्या तोडीचं मी फार थोडं वाचलंय.

दऱ्या आणि चाचे यांवरून रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन. हा माणूस १८७५ मध्ये स्कॉटलंडमध्ये वकिलीची सनद घेऊन बसला होता, वकिली मात्र त्यानं जवळजवळ केलीच नाही. त्याची "किडनॅप्ड" १८८६ मध्ये "यंग फोक्स" या मुलांच्या नियतकालिकात क्रमशः आली. जहाज फुटणं, डोंगरातून पळापळ, तलवारी, सगळं आहे त्यात. पण मधोमध आहे एक खराखुरा खून. १४ मे १७५२ रोजी, जप्त केलेल्या जमिनींचा कारभार पाहणाऱ्या कॉलिन कॅम्पबेल या सरकारी अधिकाऱ्याला अ‍ॅपिनच्या जंगलाजवळ गोळी घातली गेली. गोळी घालणारा सापडला नाही, म्हणून जेम्स स्ट्युअर्टला कटातला साथीदार ठरवून उभं केलं. न्यायासनावर मेलेल्याच्या कॅम्पबेल कुळाचाच प्रमुख, ड्यूक ऑफ अर्गाइल. दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या १५ जणांच्या ज्यूरीत ११ कॅम्पबेल. ८ नोव्हेंबरला जेम्स फासावर गेला.

स्टीव्हन्सननं या इतिहासात एक काल्पनिक पोरगा घुसवला, डेव्हिड बाल्फर. त्यानं तो खून जवळून पाहिलाय आणि जेम्स निर्दोष आहे हे त्याला ठाऊक आहे. १८९३ च्या "कॅट्रिओना" या पुढच्या भागात तो सरळ सर्वोच्च सरकारी वकिलाच्या घरी जाऊन सांगतो की मला साक्ष द्यायची आहे. त्याला धाक दाखवतात, लालूच दाखवतात, आणि शेवटी पळवून समुद्रातल्या बास रॉक नावाच्या खडकावर नेऊन ठेवतात. खटला संपेपर्यंत. तिथून सुटून तो धावतपळत पोचतो तेव्हा पुरावा संपलाय आणि ज्यूरी बंद खोलीत गेलीये. इथे वेताळाची अट पुरी उलटी झाली. पोराला बोलायचंय, ऐकणाऱ्यांनी कान बंद केलेत. "कॅट्रिओना" आज फारसं कुणी वाचत नाही, प्रेमप्रकरणाचा भाग लांबलाय हेही खरं, पण सत्य वेळेवर न पोचणं म्हणजे काय असतं हे त्याइतकं नेमकं सांगणारं पुस्तक मला दुसरं माहीत नाही. तारखेला पोचू न शकलेला साक्षीदार मी पाहिलाय. त्याच्या चेहऱ्यावर बास रॉक असतो.

भाचीला मी हे सगळं दुसऱ्या दिवशी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि तिचा खरा प्रश्न बाहेर काढला. "पण न्यायाधीश चांगला असेल तर एवढं सगळं कशाला? बिरबलासारखा. त्याला लगेच कळेल."

हा प्रश्न फार जुना आहे आणि मोठ्या माणसांनीही तो विचारलाय. १८९९ मध्ये शिकागोत मुलांसाठी वेगळं न्यायालय सुरू झालं, त्यामागची कल्पना साधारण हीच होती: न्यायाधीश वडिलांसारखा असावा, मुलाचं भलं त्याला कळावं, वकील आणि नियमांचं जंजाळ मध्ये नको. हेतू चांगलाच होता. मग १९६४ मध्ये अ‍ॅरिझोनात जेराल्ड गॉल्ट या १५ वर्षांच्या मुलाला, शेजारणीला अश्लील फोन केल्याच्या तक्रारीवरून उचललं. आई-वडील कामावर होते, त्यांना कुणी कळवलंही नाही. तक्रार करणारी बाई न्यायाधीशांसमोर एकदाही आली नाही. वकील नाही, साक्षीदाराला शपथ नाही, सुनावणीची लेखी नोंद नाही. मुलाला २१ वर्षांचा होईपर्यंत सुधारगृहात ठेवायचा हुकूम झाला. हाच गुन्हा मोठ्या माणसानं केला असता तर ५ ते ५० डॉलर दंड, किंवा जास्तीत जास्त दोन महिने कैद. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि १५ मे १९६७ च्या निकालानं ठरलं की मुलालाही आरोप आधी कळला पाहिजे, वकील मिळाला पाहिजे, समोरच्या साक्षीदाराला प्रश्न विचारता आले पाहिजेत, आणि स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती होता कामा नये.

हे सांगताना माझा आवाज चढला असावा, कारण भाची म्हणाली, "अगं, मी नाही पाठवलं त्याला." मग थोडं थांबून, "ती बाई आलीच नाही? मग तिला विचारलं कसं, की आवाज त्याचाच होता?"

"नाहीच विचारलं."

ती बराच वेळ उशीच्या अभ्र्याची शिवण उकरत बसली. मला आमच्या वर्गातलं ते दार आठवत होतं. तिथंही "तो वर्गात होता" असं म्हणणाऱ्याला कुणी काही विचारलं नव्हतं. मी तिला लुईस कॅरॉलच्या १८६५ सालच्या "अ‍ॅलिस इन वंडरलँड"मधला शेवटचा खटला काढून दिला, जिथे राणी म्हणते आधी शिक्षा, निकाल मागाहून. ज्यूरीतले प्राणी स्वतःची नावं पाटीवर लिहून ठेवतात, विसरू नयेत म्हणून. लहानपणी ती हे वाचून हसली होती. आता हसली नाही.

थिओडोर बूनबद्दल मला एक-दोन तक्रारी आहेत, त्या तिला सांगितल्याच. एक म्हणजे त्या पोराला सगळी दारं उघडी असतात. आई वकील, वडील वकील, न्यायाधीश ओळखीचे. शेवटी हे सगळे न्यायाधीशांकडे जाऊन साक्षीदाराची गोष्ट सांगतात, आरोपीच्या वकिलाला न बोलावता, आणि न्यायाधीश खटला रद्दबातल करून नव्यानं चालवायचं ठरवतात. वाचताना बरं वाटतं, कारण आपल्याला वाटतंय की आरोपीनंच खून केलाय. पण एका बाजूनं बंद दाराआड न्यायाधीशांना भेटायचं नसतं, तुमची बाजू कितीही खरी असली तरी. दुसरी तक्रार अशी की आरोपीचा वकील त्यात गुळगुळीत, पैसेवाला, हुशारीनं सत्य झाकणारा वाटतो. वाचून झाल्यावर भाचीनं मला सरळ विचारलं, "तू पण असं करतेस?"

मी करते. म्हणजे आरोपीच्या बाजूनं उभी राहते. ते तिला समजावून सांगायला मी दोन दिवस शब्द शोधत होते, आणि शेवटी वॉल्टर डीन मायर्स यांची "मॉन्स्टर" तिच्या हातात दिली. १९९९ ची कादंबरी, किशोरांसाठीच्या लेखनाला मिळणारा प्रिंट्झ पुरस्कार २००० साली पहिल्यांदा दिला गेला तो हिलाच. १६ वर्षांचा स्टीव्ह हार्मन, काळा मुलगा, औषधांच्या दुकानावरच्या दरोड्यात टेहळणी केल्याचा आरोप. दरोड्यात दुकानदार मेलाय, म्हणून आरोप खुनाचा. मुलाला सिनेमे बनवायचे आहेत, त्यामुळे तो आपला खटला पटकथेसारखा लिहितो, मधूनमधून डायरी. सरकारी वकील आरोपींना राक्षस म्हणते, आणि तो शब्द त्याच्या डोक्यातून जाता जात नाही. त्याची वकील त्याला बजावते की ज्यूरीतल्या अर्ध्या लोकांनी तुला पाहताक्षणीच दोषी ठरवलंय.

त्यात एक प्रसंग आहे. साक्षीच्या आधी वकील स्टीव्हची तयारी करून घेते. टेबलावर कागदी पेला ठेवते. मी प्रश्न विचारीन, म्हणते, उत्तर आवडलं तर पेला सरळ राहील, नाही आवडलं तर उपडा करीन. मग काय चुकलं ते तूच शोध.

भाची इथे अडली. "म्हणजे ती त्याला खोटं बोलायला शिकवते?"

मी तिला खरं सांगितलं. साक्षीदाराची तयारी करून घेणं आणि त्याला पढवणं यांतली रेघ बारीक आहे, आणि काही दिवस असे जातात की मी तिच्या कुठल्या बाजूला उभी होते हे मला रात्री झोपताना तपासावं लागतं. टॉमच्या वकिलानं त्याला पायऱ्या दाखवल्या. ही बाई पेला उपडा करते. दोन्ही ठिकाणी घाबरलेला मुलगा आहे आणि दोन्ही ठिकाणी मोठं माणूस त्याला बोलतं करतंय. फरक कुठे आहे ते शोधायला मायर्स यांनी वाचणाऱ्या पोराला मोकळं सोडलंय, आणि म्हणूनच मी हे पुस्तक इतर कोर्टकथांच्या वर ठेवते. निकाल लागतो, स्टीव्ह सुटतो, वकिलीणबाईंना मिठी मारायला हात पसरतो, आणि ती वळून निघून जाते. हात तसेच राहतात. तिला माझ्यात काय दिसलं, हा प्रश्न तो शेवटपर्यंत विचारत राहतो.

हार्पर ली यांची १९६० ची "टू किल अ मॉकिंगबर्ड" मी तिला इतक्यात देणार नाही. तिथे पुरावा पुरा आहे, काळ्या आरोपीचा निकामी डावा हात सगळ्यांसमोर आहे, गॅलरीत बसलेल्या जेमला, त्याच्या वकिलाच्या मुलाला, खात्री आहे की आपण जिंकलो. आणि मग ज्यूरीतला एकेक जण "दोषी" म्हणतो. नियम पाळले, प्रश्न विचारले, साक्ष झाली, तरीही. ते सोसायला अजून दोनेक वर्षं जाऊ देत.

"मॉन्स्टर" संपवून ती दोन दिवस काही बोलली नाही. मग एकदा जेवताना म्हणाली, "त्यानं केलं होतं की नाही हे पुस्तकात कुठेच पक्कं लिहिलेलं नाही."

"ज्यूरीलाही कुणी लिहून दिलं नव्हतं."

तिला ते आवडलं नाही. ताट तसंच ठेवून उठली. रविवारी ती घरी गेल्यावर अंथरुण आवरताना पुस्तक उशीखाली सापडलं. ती ते पुन्हा पहिल्यापासून वाचत होती, साठाव्या पानाच्या आसपास खूण होती. खूण म्हणून वहीचा फाडलेला कागद, त्यावर पेन्सिलीनं दोन ओळी, दुसरी आधी खोडून पुन्हा लिहिलेली:

"स्टीव्ह दुकानात होता असं कोण कोण म्हणतं?

तसं म्हटल्यामुळे त्यांची शिक्षा कमी होणार आहे का?"